बाजार बघायचा नसतो, करायचा असतो

रिकामी पिशवी:
परदेशी फिरायला निघालेल्या कुणाचीही यादी बघा, 'तिथला लोकल बाजार' त्यात असतोच. माझं मत जरा तिरकं आहे. ज्याला काही घ्यायचं नाही, त्याने ऐन गर्दीच्या वेळी भाजी-मासळीच्या बाजारात शिरूच नये.

बार्सिलोनाचा बोकेरिया बाजार घ्या. रांब्ला या पर्यटकांनी ओसंडणाऱ्या रस्त्याला अगदी लागून आहे. फोटो काढणाऱ्यांची एवढी झुंबड व्हायला लागली की २०१५ मध्ये शहराने नियमच केला: शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी आठ ते दुपारी तीन मोठ्या पर्यटक गटांना आत मज्जाव. रोजच्या गिऱ्हाइकाला गाळ्यापर्यंत पोचताच येईना, त्यामुळे ही वेळ आली.

गाळ्यांवर काय झालं तेही बघा. कापलेल्या फळांचे प्लास्टिकचे पेले, भडक रंगांचे ज्यूस, कागदाच्या कोनात हॅमचे काप. विकणाऱ्याला मी दोष देत नाही, जे खपतं तेच तो मांडणार. हॉटेलात उतरलेला माणूस अख्खा मासा घेऊन करणार काय? पण ज्याला घरी जाऊन तो मासा शिजवायचा आहे, तो मग दुसरा बाजार शोधतो.

तिखटजाळ:
सपशेल असहमत. 'फक्त स्थानिकांचा, अस्सल बाजार' ही कल्पनाच मुळात पर्यटकाची आहे. बाजार परक्या माणसाच्या येण्याजाण्यावरच उभे राहिले. इस्तंबूलचा कपालीचार्शी म्हणजे ग्रँड बझार ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदाने पंधराव्या शतकात बांधायला घेतला, आणि त्याचं भाडं आयासोफिया मशिदीच्या खर्चाला जायचं. त्याच्या आसपास 'हान' आहेत. खाली माल आणि जनावरं, वरच्या मजल्यावर लांबून आलेल्या व्यापाऱ्यांचा मुक्काम. त्यांना कुणी विचारलं होतं का, तुम्ही इथले आहात का म्हणून?

रिकामी पिशवी:
@तिखटजाळ, मुद्दा चांगला आहे, पण ते व्यापारी गठ्ठ्याने माल उचलायचे हो! आपण फ्रिजवर लावायचं चुंबक घेतो, तेही घासाघीस करून. शिवाय मी भाजी-मासळीबद्दल बोलतोय. गालिचे आणि दिव्यांच्या बाजारात हवं तेवढं फिरा, तिथे कुणाचा स्वयंपाक अडत नाही.

हिशेबी:
भावना बाजूला ठेवून गाळेवाल्याचा गल्ला बघू या. युरोपात शहरी मंडया ओस पडल्या, कारण लोक सुपरमार्केटला जायला लागले. पर्यटक हा त्यावरचा उतारा म्हणून आला. माद्रिदच्या सान मिगेल मंडईची १९१६ सालची लोखंडी इमारत बघा. २००९ मध्ये ती खाण्यापिण्याचा बाजार म्हणून पुन्हा उघडली. रोजचा किराणा तिथे मिळत नाही, मान्य. पण इमारत जागेवर आहे आणि लोकांच्या हाताला काम आहे. रोजच्या गिऱ्हाइकाने पाठ फिरवल्यावर गाळेवाल्याने कुणाची वाट बघत बसायचं?

ओली सुपारी:
+१ हिशेबी. आणि मधला मार्गही आहे. फ्लॉरेन्सच्या मेर्काटो चेंट्रालेत तळमजल्यावर खाटीक, चीजवाले, भाजीवाले. वरच्या मजल्यावर २०१४ पासून खायची ठिकाणं. ज्याला नुसतं चरायचं आहे त्याने जिना चढावा.

आडवाटेची:
धागाकर्त्याशी अर्धी सहमत. वाद 'जावं की नाही' हा नाहीच, कसं जावं हा आहे.

तोक्योच्या त्सुकिजी मासळीबाजारातला ट्यूना माशांचा लिलाव आठवा. पहाटे गोठवलेल्या माशांच्या रांगा लागायच्या. प्रत्येकाच्या शेपटीकडे काप दिलेला. घेणारा वाकून त्यावर टॉर्च मारतो, आकड्याने मांस जरासं उचकटतो आणि चिमूटभर बोटांत चुरून चरबी किती आहे ते अजमावतो. एका माशामागे किती पैसे ओतायचे ते त्या चिमटीवर ठरतं, आणि शेजारी कुणीतरी फ्लॅश मारतोय! २००८ च्या डिसेंबरात त्यांनी पर्यटकांना काही काळ बंदीच घातली होती. २०१८ मध्ये घाऊक बाजार तोयोसूला गेला, आणि आता लिलाव काचेआडून बघावा लागतो. काही जण नाकं मुरडतात की मजा गेली. मला मात्र ती काच आवडते. त्यांचं काम चालू राहतं आणि आपलं बघणंही.

तिखटजाळ:
काचेआडून बघायचं असेल तर मत्स्यालय काय वाईट? माशाचा वास नाही, अंगावर पाणी उडत नाही, 'बाजूला व्हा' म्हणून कुणी ओरडत नाही. त्याला बाजार म्हणत नाहीत.

आडवाटेची:
ओरडा खायची एवढी हौस असेल तर किरकोळ बाजारात जा आणि विचारल्याशिवाय पीच दाबून बघा. इटलीत 'हात लावू नका' अशा पाट्याच असतात. आज खायचंय की उद्या एवढं सांगायचं, फळ विकणाराच निवडून देतो. एवढ्या बोलण्यात जे कळतं ते शंभर फोटोंत कळत नाही. आणि त्यासाठी स्वयंपाकघर लागत नाही, चार जर्दाळू घेतले तरी तुम्ही गिऱ्हाईकच.

रिकामी पिशवी:
हे चार जर्दाळू मला मान्य. माझा राग टोळक्यांवर आहे.

गुळाचा गणपती:
घासाघीस राहिलीच की. मी करतोच, त्यात गंमत असते आणि समोरच्यालाही ती अपेक्षित असते.

हिशेबी:
सगळीकडे नाही. गालिच्याच्या दुकानात करा, तो चहा पाजून तुमच्यावर मात करेल. पण टोमॅटोचा दर पाटीवर लिहिलेला असताना कसली गंमत? हाताने विणलेल्या कापडावर सुट्ट्या नाण्यांसाठी हुज्जत घालून नंतर तेवढ्याचीच कॉफी पिणारे लोक पाहिलेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

ओली सुपारी:
अवांतर: फोटोचं पण बोला. ग्वाटेमालात चिचिकास्तेनांगोच्या बाजारात पुष्कळ माया बायका कॅमेरा दिसला की तोंड फिरवतात. आधी विचारा, 'नाही' म्हटलं की पुढे चला. लांबून झूम करणं म्हणजे चोरीच.

वारकरी नव्हे:
एवढा काथ्याकूट चाललाय तर एक कामाचं सांगतो. मोठे बाजार वारावर चालतात आणि लोक विमानाच्या तिकिटावर. चिचिकास्तेनांगो गुरुवारी आणि रविवारी भरतो, इक्वेडोरचा ओतावालो शनिवारी सगळ्यात मोठा असतो, ग्रँड बझार रविवारी बंद, तोयोसूलाही रविवारी सुट्टी आणि काही बुधवारीही. बार्सिलोनात बोकेरियाचाच हट्ट कशाला? शहराच्या मालकीच्या मंडया चाळीसच्या आसपास आहेत. सांत आंतोनीची तर बरीच वर्षं दुरुस्ती चालली होती, ती २०१८ मध्ये पुन्हा उघडली. रांब्लापासून चालत जाता येतं.

तिखटजाळ:
झालं! आता या धाग्यावरून सगळे सांत आंतोनीला जाणार आणि पुढच्या वर्षी रिकामी पिशवी तिच्यावर धागा काढणार.