मदत हवी आहे: आई आणि डाऊन सिंड्रोम असलेला भाऊ, दोघांचीही गरज एकदम वाढली आहे

अबोली_क

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबणार आहे.

आई ७८ वर्षांची, धाकटा भाऊ ४६ चा. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. आजवर त्याचं सगळं आईच एकहाती करत आली. औषधं, आंघोळ, दाढी, वर्कशॉपला (अशा मुलांच्या कामाच्या केंद्राला) सोडणं-आणणं, सगळं. मी वेगळी राहते, नोकरी आहे, पण आता निम्मा आठवडा तिकडेच जातो. मागच्या वर्षी आई पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ती वॉकरवर चालते आणि रात्री अधूनमधून गोंधळते. त्याच सुमारास भाऊही बदलायला लागला. आंघोळीला नको म्हणतो, जिना उतरताना पहिल्याच पायरीवर थबकतो, आवडीची गाणी लावली तरी लक्ष नसतं. विचारलं की उत्तर मिळतं, "आईचं आजारपण मनाला लागलंय", नाहीतर "डाऊनमध्ये वयानुसार असं होतंच". असेलही. पण मग पुढे करायचं काय, ते कोणी सांगत नाही.

माणसं कमी आहेत असंही नाही. आईसाठी दिवसभराच्या अटेंडंट ताई, फिजिओ, हाडांचे डॉक्टर. भावासाठी वर्कशॉपच्या बाई आणि थायरॉइडचे डॉक्टर. फॅमिली डॉक्टर दोघांचे एकच. तरी एकाचं दुसऱ्याला माहीत नसतं. अटेंडंट ताई म्हणतात, "माझं काम आजींचं, दादांचं नाही." त्यांचं चुकत नाही. पण आजी वॉकर बाजूला ठेवून दादाला साबण लावायला उठतात, तेव्हा ते काम कोणाचं?

दोघांना मिळून एकच माणूस ठेवावा की वेगवेगळे? सगळ्यांची सांगड घालायची कोणी? भावाचं नेमकं काय बिघडलंय हे शोधायला सुरुवात कुठून करू? आणि आईला "आता तू त्याचं करू नकोस" हे कसं सांगायचं? शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. दोनदा सांगून बघितलं, दोन्ही वेळा घरात अबोला.

जुना_भिडू

व्हॉट्सॲप ग्रुप करा सगळ्यांचा. आमचं निम्मं काम त्यानेच झालं.

माजघर

ग्रुप चांगला, पण त्यात औषधांचे बदल शुभेच्छांखाली गाडले जातात हे अनुभवाने सांगते. औषधांसाठी कागदच ठेवा, दोघांचा वेगळा. औषध, डोस, कशासाठी, कोणी सुरू केलं, कधी बंद करायचं. शेवटचे दोन रकाने सगळे विसरतात. हॉस्पिटलात चार दिवसांपुरती दिलेली झोपेची गोळी मग वर्षभर चालू राहते, आणि म्हाताऱ्या माणसाचा तोल जायला नि रात्री गोंधळ उडायला तेवढी पुरते. आईंच्या गोळ्या आधी तपासून घ्या. पडून उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो का, तेही पाहायला सांगा. गोंधळ एकाएकी वाढला तर "वय झालं" म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, यातलं काहीही असू शकतं आणि ते बरं होतं.

आता भाऊ. माझी बहीण डाऊनचीच, वयाने त्याच्या आसपास, म्हणून थोडं सविस्तर. या मुलांना अल्झायमर लवकर गाठतो हे खरं आहे. २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड ज्या प्रथिनापासून तयार होतं, त्याचं जनुक त्याच गुणसूत्रावर आहे. चाळिशीनंतर दरवर्षी या नजरेने तपासणी व्हावी असं तज्ज्ञ म्हणतात. त्यांच्यात सुरुवात बऱ्याचदा विसरण्याने होत नाही. आधी स्वभाव बदलतो, रस जातो, हट्ट वाढतो.

पण हा शिक्का सगळ्यात शेवटी मारायचा. त्याआधी थायरॉइड (उपचार चालू असला तरी पुन्हा), कान, मोतीबिंदू, झोपेत श्वास अडकणं, दात, पोट, सांधे, उदासी. जिन्यावर थबकतो म्हणालात ना, मी असते तर आधी डोळ्यांकडे गेले असते. पायरी किती खाली आहे याचा अंदाज जातो. आंघोळीला नको म्हणणाऱ्याला कुठेतरी दुखत असेल आणि सांगता येत नसेल, असंही होतं. एक गोष्ट मात्र थांबायची नाही: चाल बदलली, मान धरून ठेवली, हातापायांतला जोर कमी वाटला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर लगेच दाखवा. डाऊनमध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात आणि मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो.

आज तारीख काय, शंभरातून सात वजा करा, असल्या चाचण्या त्याला लावू देऊ नका. पूर्वीही त्याला ते जमत नसेल तर त्यातून काय कळणार? तो पूर्वी काय करायचा आणि आता काय करतो, तुलना तेवढीच. जुने घरगुती व्हिडिओ शोधा. मी बहिणीचा दात घासतानाचा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवला, तो रिपोर्टांपेक्षा उपयोगी पडला.

अबोली_क

मानेचं कोणीच बोललं नव्हतं. विचारते. व्हिडिओ आहेत, लग्नकार्यातले भरपूर. पण "आता तू त्याचं करू नकोस" या विषयाला आईने तोंडच फिरवलंय.

दीपमाळ

ताई, तो प्रश्न मी थोडा उलटा करते. तुमच्या भावाची फाइल कोणत्याच डॉक्टरकडे नाही, ती आईंच्या डोक्यात आहे. पाणी किती गरम लागतं, कोणत्या शब्दाला तो घाबरतो, दुखलं की काय करतो. त्यांना "करू नकोस" म्हटलं की चाळीस-पन्नास वर्षांचं काम काढून घेतल्यासारखं वाटणारच. त्याऐवजी "नवीन माणसाला तू शिकव" म्हणा. आई बाथरूमच्या दाराशी खुर्चीत बसून सांगणार, हात दुसऱ्याचे. आमच्या सासूबाईंनी आधी प्रत्येक गोष्टीला नाव ठेवलं, मग हळूहळू गप्पा मारायला लागल्या. आणि त्या सांगतील ते कोणीतरी लिहून घ्या. त्यांना पुन्हा हॉस्पिटलात जावं लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला तोच कागद लागेल.

माणूस एक की दोन? सकाळचे दोन तास वेगळा माणूस, फक्त भावासाठी. आंघोळ आणि आईंचं उठणं एकाच वेळी येतं, तिथे एकाला दोघं झेपत नाहीत. बाकी दिवस एक पुरेल, पण त्या ताईंशी काम आणि पैसे दोन्ही नव्याने ठरवा. "जरा दादांकडेही बघा" असं गोड बोलून काम वाढवलं की माणूस टिकत नाही.

माजघर

याला +१. आणि सांगड घालणारी तुम्हीच, अबोली. दुसरं कोणी येणार नाही. पण त्यासाठी सगळं स्वतः करायची गरज नाही. फॅमिली डॉक्टर एकच आहेत हे तुमचं नशीब समजा. दोघांसाठी एकत्र वेळ मागा आणि दोन्ही कागद एकदम समोर ठेवा. बार्थेल नावाचा एक साधा तक्ता असतो, १९६५ पासून वापरात आहे. खाणं, आंघोळ, कपडे, जिना अशा दहा गोष्टी, एकूण गुण १००. फिजिओला माहीत असेल. आईंसाठी तो दर तीन महिन्यांनी भरून घ्या. आणि कोणी पडलं, हॉस्पिटलातून घरी आलं, औषध किंवा माणूस बदलला, तर तीन महिने वाट न बघता सगळी व्यवस्था पुन्हा मांडायची.

अबोली_क

सगळ्यांचे आभार. डोळ्यांची वेळ घेतली, फॅमिली डॉक्टरांना दोघांसाठी एकत्र वेळ मागितली, ते हो म्हणाले. आईला शिकवायचं काम आवडेल असं वाटतंय, कारण अटेंडंट ताईंना ती आजही वॉकर कसा धरायचा ते शिकवते! एक राहिलं. मी नसते त्या रात्री घरात दोघंच असतात. रात्रीच्या माणसाबद्दल कोणाचा अनुभव? झोपणारा चालतो की जागा राहणाराच हवा?

दीपमाळ

आधी आठवडाभर लिहून ठेवा, रात्री कोण किती वाजता उठतं आणि कशासाठी. एकदा-दोनदाच उठत असतील तर झोपणारा चालेल, फक्त त्याची खाट आईंच्या खोलीत हवी. उठणं तीन-चार वेळांच्या वर असेल किंवा भाऊ दाराकडे जात असेल, तर जागा राहणाराच.