वडिलांच्या पत्रांतली रग्बीची घरमालकीण खरंच कंजूष होती का?

निळं_पत्र
वडील १९५५ ते ५७ इंग्लंडमध्ये रग्बी गावात होते, विजेची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर म्हणून. ते वारल्यावर ट्रंकेत आजीला लिहिलेली त्यांची पत्रं सापडली. एका विधवा बाईंच्या घरात खोली होती. वाचताना जीव तुटतो. "काल शिलिंग संपलं, लवकर झोपलो." "अंघोळ रविवारी." "बाई लोण्याचा कागदसुद्धा टाकत नाहीत." "औषधाच्या दुकानातून तेल आणून फोडणी केली." तक्रारीचा शब्द कुठेच नाही. पण हिंदुस्थानी म्हणून त्यांना असं वागवलं जात होतं का? त्या काळात तिथे राहिलेलं कुणी आहे का इथे?

रग्बीची_आजी
मी १९५९ मध्ये लग्न होऊन रग्बीला गेले, सहा वर्षं राहिले. नात टाइप करतेय, मी सांगतेय.

बाळा, मनातून ते काढून टाक. माझी घरमालकीणही विधवा होती आणि ती स्वतः तशीच राहायची. खोलीतल्या गॅसच्या शेगडीला मीटर असे. फटीत शिलिंग सरकवून खटका फिरवला की ते आत खण्णकन पडे, मग गॅस येई. पैसे संपत आले की ज्योत बारीक होत होत विझायची. तिच्या स्वयंपाकघरातही तसाच मीटर होता.

घरात न्हाणीघरच नव्हतं. संडास परसात, आणि तिथेच भिंतीला खिळ्यावर पत्र्याचा लांबट टब टांगलेला. रविवारी तो आत आणून किटल्या किटल्यांनी भरायचा. मी त्यात बसले नाही, अंगावर पाणी घेऊन अंघोळ केली, तर ती बघतच राहिली. पुढच्या रविवारी टबाशेजारी माझ्यासाठी एनॅमलचा मग ठेवलेला होता.

लोण्याच्या कागदाने ती केकच्या भांड्याला आतून हात फिरवायची. अरे, त्या बायकांनी चौदा वर्षं रेशन काढलं होतं. लढाईत पावाला रेशन नव्हतं, ते लढाई संपल्यावर, १९४६ ते ४८ मध्ये लागलं! मटणावरचं उठलं जुलै १९५४ मध्ये, म्हणजे तुझे वडील जायच्या जेमतेम वर्षभर आधी. तिचं रेशनचं पुस्तक अजून खणात होतं. आणि ते तेल ऑलिव्हचं. तिकडे ते कानात घालायला औषधाच्या दुकानात मिळे. आम्हीही त्यातच मोहरी तडतडवली.

वाईट माणसं होती, नाही कशाला म्हणू? खिडकीत पाट्या असत, काळ्यांना खोली नाही म्हणून. घर देताना असा भेद करायला कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये. आम्ही अशा तीन दारांवरून परत फिरलो होतो. पण ज्यांना रंग खुपायचा ते दारच उघडत नसत. जिने दार उघडलं, तिला कंजूष म्हणू नकोस.

१९६२ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू झाला तो मार्चपर्यंत हटला नाही. माझी मुलगी दोन महिन्यांची. दोरीवरचे लंगोट पापडासारखे कडक व्हायचे, दुमडायला गेलं की कडकड वाजायचे. दाराशी ठेवलेलं दूध गोठून बाटलीच्या तोंडातून वर यायचं, चंदेरी झाकण डोक्यावर घेऊन. त्या दिवसांत सकाळी मुलीला न्हाऊ घालायला जावं तर मीटर भरलेला असे. आम्ही शिलिंग टाकलेलं नसे. मी विचारलं तर ती म्हणायची, कालचं उरलं असेल.

जुनी_नाणी
शिलिंगाचा हिशेब सांगतो. बारा पेन्सचं शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. तेव्हा आपला रुपया दीड शिलिंगाचा, म्हणजे एक शिलिंग दहा आणे आठ पै. घरी पैसे पाठवणाऱ्या मुलाला ते जड जाणारच.

निळं_पत्र
आजी, पत्रं पुन्हा काढली. फेब्रुवारी १९५६ ची एक ओळ मी नुसती वाचून पुढे गेलो होतो: "बाई सुट्टी शिलिंगं माझ्यासाठी चहाच्या डब्यात जमवून ठेवतात." आता ती चार वेळा वाचली. ती तेलाची बाटली केवढी असायची?

रग्बीची_आजी
खोकल्याच्या औषधाची असते तेवढी. आठवडाभर पुरवायची.