जर्मनीतल्या शाळेबरोबर वेल्डिंगचा एकत्र सराव: व्हिडिओ कॉल सोडून काय वापरावं?

वेल्डिंग_निदेशक
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडचा शिल्पनिदेशक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्याचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून मुलं रोज जर्मनीबद्दल विचारतात. ओळखीतून तिथल्या एका व्यावसायिक शाळेतले सर भेटले आणि दर पंधरवड्याला दुपारी अडीचला, म्हणजे त्यांच्या अकराला, व्हिडिओ कॉल सुरू केला.

मुलं नाव सांगतात, हात हलवतात, की संपलं. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे गेली, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. माझी वीस मुलं तासभर पडद्याकडे बघत बसली. ते आले साडेतीनला आणि आमच्या निम्म्या मुलांची एसटी चारची. फार वाईट वाटलं.

पण एकदा वेगळंच झालं. एका मुलाच्या जॉबचा, म्हणजे सरावाच्या तुकड्याचा, फोटो मी सहज मेल केला होता. व्हर्टिकल फिलेट, म्हणजे काटकोनातल्या दोन पट्ट्यांचा उभा जोड, ३.१५ मिमीची रॉड. त्या सरांनी रनच्या (वेल्डच्या पट्ट्याच्या) कडेला अंडरकटवर, म्हणजे धातू वितळून पडलेल्या खाचेवर, लाल गोल काढून परत पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली : करंट किती होता? सगळा वर्ग माझ्या फोनभोवती गोळा झाला. पोराला सांगता येईना, कारण त्यानं नॉब अंदाजानं फिरवलेला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः वही घेऊन आला. १२५ अँपिअरवर अंडरकट येतोय, १०० वर आणला तर कडा भरतेय, असं त्यानं लिहून ठेवलं होतं. दोन महिने मी तोंडानं सांगत होतो, ते त्या लाल गोलानं झालं.

मला हे वीसही मुलांसाठी हवंय. व्हॉट्सअॅप ग्रुपला ते सर नाही म्हणाले. आमच्याकडे संगणक मोजके, मुलांकडे फक्त फोन, आणि वर्कशॉपच्या पत्र्याखाली रेंज नाही. काय वापरू?

टूलरूमवाला
सर, पॅडलेट बघा. भिंतीवर कागद चिकटवावा तसा फोटो टाकायचा, खाली बाकीच्यांनी लिहायचं. लिंक दिली की मुलांना खातं काढावं लागत नाही. फुकटात मोजकेच बोर्ड मिळतात, पण तुम्हाला एक पुरेल. युरोपातल्या शाळा एकमेकींशी जोडून घ्यायला ई-ट्विनिंग वापरतात, २००५ पासून चालू आहे, पण त्यात भारत नाही, तिकडे वेळ घालवू नका. आणि फोटोला उजेड बाजूनं तिरका द्या, शेजारी स्टील रूल ठेवा. समोरून फ्लॅश मारला तर अंडरकट दिसतच नाही.

श्टुटगार्टची_ताई
मी इथल्या एका बेरूफ्सशूलेत, म्हणजे व्यावसायिक शाळेत, शिकवते. व्हॉट्सअॅपला नकार मिळाला तो मनावर घेऊ नका. २०१८ पासून युरोपचा माहिती-संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि इथे शिक्षकांना शाळेच्या कामासाठी ते वापरता येत नाही.

दुसरं, इथली मुलं कंपनीत शिकाऊ असतात. शाळेत आठवड्यातून एक-दोन दिवस येतात, नाहीतर सलग काही आठवडे. म्हणून तुमच्या कॉलला दर वेळी वेगळे चेहरे दिसत असणार. नुसता वेल्डर असा ट्रेडही इथे नाही. कॉन्स्ट्रुक्त्सिऑन्समेखानिकर, म्हणजे धातूचे सांगाडे बनवणारा कारागीर, साडेतीन वर्षं शिकतो, वेल्डिंग हा त्यातला एक भाग.

त्या सरांना विचारा, त्यांच्या शाळेचं मूडल, म्हणजे ऑनलाइन धडे ठेवायची जागा, असेलच. त्यात तुमच्या मुलांना पाहुणी खाती मिळतील का ते बघा. मूडलचं अॅप फोनवर चालतं. धडा आधी उतरवून घेतला की रेंज नसतानाही उघडतो, आणि लिहिलेलं उत्तर रेंज आल्यावर वर जातं. त्यात शब्दसंग्रहाची सोय आहे, ती नक्की वापरा. केलनाट म्हणजे तुमचं फिलेट, वुर्त्सेल म्हणजे रूट (जोडाचा तळ), आइनब्रांडकेर्बे म्हणजे अंडरकट. एकदा भरलं की धड्यात तो शब्द येईल तिथे अर्थ आपोआप जोडला जातो. उभ्या फिलेटच्या पोझिशनला तुम्ही ३एफ म्हणता, त्याला इथली मुलं खालून वर जाताना पीएफ म्हणतात. हे आधी जुळवलं नाही तर एकमेकांचे जॉब कळणार नाहीत.

वेल्डिंग_निदेशक
ताई, दर वेळी नवे चेहरे का, हे आज कळलं. मुलांना वाटत होतं, ती पोरं आपल्याला कंटाळली.

सरांना मेल केला. मूडलची परवानगी यायला वेळ लागेल, तोवर पॅडलेटवर सुरू करतोय. फोटोत फक्त जॉब घ्यायचा, कुणाचा चेहरा नाही, कारण निम्मी मुलं अठराच्या आतली आहेत. खाली चार गोष्टी लिहायच्या : पोझिशन दोन्ही नावांनी, रॉड, करंट, आणि स्वतःला काय चुकलं वाटतं ते.

शब्दसंग्रहाचं काम वर्गातल्या तिन्ही मुलींनी मागून घेतलंय. मराठी रकान्यात अंडरकटला काय लिहायचं यावर वर्कशॉपमध्ये तासभर वाद झाला. शेवटी 'कडेला पडलेली चर' असं लिहिलंय.

टूलरूमवाला
चर चांगलंय. पहिला जॉब लावला की लिंक इथे टाका, आमच्या शिकाऊ मुलांना दाखवतो.