एलव्हीएम व्हॉल्यूमवर लिहिणं फार मंद, डीडीमध्ये मात्र भरपूर वेग

काटाघर_वणी

जिनिंगच्या वजनकाट्यावरची मशीन आहे. डेबियन 12 (लिनक्स), रॅम 16 जीबी, 2 टीबीच्या दोन 7200 आरपीएम साटा डिस्क, त्यांचं एमडीएडीएमने केलेलं रेड 1 (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) आणि त्यावर एलव्हीएम (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटून देणारा थर). व्हॉल्यूम ग्रुप एकच: रूट 40 जीबी, डेटा 400 जीबी, दोन्ही ईएक्सटी4 फाइल सिस्टिमचे. डेटावर मारियाडीबी डेटाबेस, जेमतेम 12 जीबीचा. गाडीचे फोटोही तिथेच पडतात.

काटापट्टी (गाडीच्या वजनाची नोंद) सेव्ह व्हायला 4 ते 6 सेकंद लागतात. भरली गाडी आणि रिकामी गाडी, म्हणजे एका गाडीमागे दोनदा. सकाळी 10 नंतर रांग गेटबाहेर जाते. दुपारी कधी कधी आपोआप सुरळीत होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच.

सीपीयू रिकामा आहे, टॉपमध्ये डब्ल्यूए (डिस्कची वाट पाहण्यात जाणारा वेळ) 40 टक्क्यांच्या वर. स्मार्टमध्ये (डिस्कची स्वतःची आरोग्य तपासणी) दोन्ही डिस्क पास. डीडीने (डेटा कॉपी करणारी कमांड) 1 जीबीची फाइल लिहिली तर वेग 1.1 जीबी प्रति सेकंद येतो. रात्री 1 वाजता स्नॅपशॉट (व्हॉल्यूमचं त्या क्षणाचं गोठवलेलं रूप) घेऊन यूएसबी डिस्कवर बॅकअप होतो. मालक एसएसडी घ्यायला तयार आहेत. घेऊ का?

वऱ्हाडी_रूट

थांबा भाऊ, एसएसडीची घाई काहून? फिरत्या डिस्कवर 1.1 जीबी कुठून येईल? तो रॅमचा वेग आहे. डीडीने लिहिलेलं आधी रॅममधल्या पेज कॅशमध्ये जाते आणि डीडी तिथेच हात झटकून मोकळा होते. डिस्कचा वेग पाहायचा तर ओफ्लॅग=डायरेक्ट (कॅश टाळून थेट डिस्कवर) लावा. आणि डेटाबेसला जे खरंच सोसावं लागते ते पाहायचं तर ब्लॉक साइज 4के, काउंट 1000, ओफ्लॅग=डीसिंक (प्रत्येक लिखाण डिस्कवर पक्कं झालं की मगच पुढचं). 7200 आरपीएमची डिस्क सेकंदाला 120 फेरे मारते आणि प्रत्येक सिंकला जर्नलसकट (फाइल सिस्टिमची नोंदवही) एकाहून जास्त फेरे जातात. म्हणून 1000 लिखाणांना 20 ते 40 सेकंद लागले तर काही बिघडलं नाही. मिनिटांत गेलं तर मधल्या थरात काहीतरी अडून राहिलं.

गर्दीच्या वेळी दोन गोष्टी चालवून आउटपुट टाका: आयओस्टॅट -एक्स 2 (डिस्क किती व्यस्त ते), आणि एलव्हीएस -ए -ओ +डिव्हायसेस (व्हॉल्यूमची यादी).

चंद्रपुरी_रॅक

स्मार्टच्या 'पास'वर जाऊ नका, आकडे वाचा. 5 (बदललेले खराब सेक्टर) आणि 197 (संशयित सेक्टर) शून्य हवेत. 199 (डेटा पोचवतानाच्या चुका) वाढत असेल तर डिस्क नाही, साटा केबल बदला. जिनिंगमध्ये रुईचा कचरा कॅबिनेटभर बसतो, तेव्हा 194 (तापमान) पण बघा.

प्रॉक/एमडीस्टॅटही (रेडची स्थिती) उघडा. लाईन झटक्यात गेली की रेड 1 चं रिसिंक (दोन्ही डिस्क पुन्हा जुळवणं) सुरू होतं आणि ते दिवसभर डिस्क खात बसतं. बिटमॅप (कोणते भाग जुळवायचे याची नोंद) लावलेला असेल तर काही मिनिटांत आटोपतं. डेबियनची रेडची मासिक तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर लागते. रविवारीच हळू असेल तर कारण तेच.

  

काटाघर_वणी

199 शून्य, 197 शून्य. एमडीस्टॅटमध्ये दोन्ही डिस्क यू (चालू), रिसिंक नाही. डीसिंकची चाचणी 2 मिनिटं 50 सेकंद.

आयओस्टॅट (सकाळी 11): दोन्ही डिस्क 100 टक्के व्यस्त, लिहिणं 3 एमबी प्रति सेकंद, डब्ल्यू-अवेट (एका लिखाणाला लागणारा वेळ) 380 मिलिसेकंद. वाचणंही 2 एमबीच्या आसपास चालू आहे.

एलव्हीएसमध्ये डेटाच्या ॲट्रिब्यूटचं पहिलं अक्षर 'ओ' (ओरिजिन, म्हणजे स्नॅपशॉटचा मूळ व्हॉल्यूम). खाली तारखेच्या नावाचे पाच स्नॅपशॉट, प्रत्येकी 4 जीबी. चार 100 टक्के भरलेले, त्यांच्या ॲट्रिब्यूटचं पाचवं अक्षर मोठा 'आय'. कालच्या रात्रीचा 71 टक्के.

वऱ्हाडी_रूट

सापडलं. 12 जीबीचा डेटाबेस 16 जीबी रॅममध्ये मावते, काट्यावर फक्त नोंदी पडून राहिल्या, आणि तरी डिस्कवरून वाचणं चालू आहे. ते वाचणं स्नॅपशॉटचं.

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे थिन नसलेल्या स्नॅपशॉटचं काम असं चालते: मूळ व्हॉल्यूमच्या एखाद्या तुकड्यावर स्नॅपशॉटनंतर पहिल्यांदा लिहायचं झालं की आधी जुना तुकडा वाचा, तो स्नॅपशॉटच्या जागेत लिहा, त्याची नोंद मेटाडेटात पक्की करा, आणि मगच नवीन मजकूर मूळ जागी. एका लिहिण्याचे चार व्यवहार, तेही त्याच डिस्कच्या वेगवेगळ्या टोकांना. डोकं नुसतं धावत राहते. तुकडा डीफॉल्टने 4 केबीचा, म्हणून एक फोटो साठवला तरी शेकड्याने तुकडे हलतात. आणि एलव्हीएमला फाइल सिस्टिममधली मोकळी जागा कळत नाही. रिकाम्या जागेत नवी फाइल टाकली तरी तिथला जुना कचरा इमानदारीने कॉपी होते.

दुपारी आपोआप ठीक काहून होते? 4 जीबी भरले की स्नॅपशॉट अवैध होते, तो मोठा 'आय' हेच सांगते. त्यानंतर कॉपी बंद, मूळ व्हॉल्यूम मोकळा. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश) त्या वेळेला 'इनव्हॅलिडेटिंग स्नॅपशॉट' दिसेल, ताडून पाहा. रात्री 1 ला नवा स्नॅपशॉट, की सकाळी पुन्हा रडगाणं. पाचही जिवंत असते तर एका तुकड्याच्या पाच कॉप्या झाल्या असत्या.

खात्री करायची तर स्नॅपशॉट चालू असताना डायरेक्ट लावून 500 एमबीची फाइल लिहा, मग तीच फाइल कन्व्ह=नोट्रंक (फाइल रिकामी न करता त्याच जागी) लावून पुन्हा लिहा. दुसऱ्या खेपेला वेग एकदम चढला तर शंका नको, कारण ते तुकडे आधीच कॉपी झालेले असतात.

काटाघर_वणी

स्नॅपशॉटवर एलव्हीरिमूव्ह (काढून टाकण्याची कमांड) केलं तर मूळ डेटाला धक्का? सीझन चालू आहे, हात थरथरतो.

वऱ्हाडी_रूट

मूळ डेटा जागच्या जागी असते, स्नॅपशॉटमध्ये फक्त जुन्या तुकड्यांच्या कॉप्या. आधी माउंट आहे का ते पाहून अनमाउंट करा, मग एकेकाचं पूर्ण नाव देऊन काढा. एलव्हीकन्व्हर्टचं मर्ज मात्र बिलकुल चालवू नका. त्याने स्नॅपशॉट मूळ व्हॉल्यूममध्ये मिसळते आणि डेटा रात्री 1 च्या स्थितीला परत जाते. आज सकाळपासूनच्या सगळ्या काटापट्ट्या गायब. नाव वाचून वाटते की 'मिटवून टाका', पण अर्थ उलटा आहे. चालू स्नॅपशॉटवर चालवलंच तर परतीचा रस्ता नाही.

पुसद_क्रॉन

स्नॅपशॉट उरतात कसे ते पण बघा, नाहीतर आठवड्यात पुन्हा इथेच याल. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये वर 'सेट -ई' (चूक झाली की थांब) असेल, यूएसबी डिस्क माउंट (जोडलेली) नसेल तर आरसिंक (फाइली कॉपी करणारी कमांड) पडतं, स्क्रिप्ट तिथेच संपते आणि शेवटच्या ओळीतलं एलव्हीरिमूव्ह कधी चालतच नाही. रीबूटने स्नॅपशॉट जात नाही, हेही लक्षात असू द्या. आणि तुमचा बॅकअप पाच रात्री झालेला नाही, ते आधी तपासा.

स्नॅपशॉटला तारखेचं नाव देऊ नका, एकच ठरलेलं नाव द्या. स्क्रिप्टच्या सुरुवातीला त्या नावाचा स्नॅपशॉट सापडला तर तो काढा. माउंटपॉइंट -क्यू ने यूएसबी डिस्क माउंट आहे का ते बघा. नसेल तर स्नॅपशॉट घेण्याआधीच मेल टाकून बाहेर पडा. अनमाउंट आणि रिमूव्ह हे दोन्ही एक्झिटच्या ट्रॅपमध्ये (स्क्रिप्ट संपताना चालणारा भाग) टाका. लाईन गेली तर ट्रॅप चालत नाही, त्यासाठीच सुरुवातीची तपासणी.

खरं तर 12 जीबीच्या डेटाबेसला स्नॅपशॉटची गरजच नाही. टेबलं इनोडीबी प्रकारची असतील तर मारियाडीबी-डंप (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) सिंगल-ट्रान्झॅक्शन लावून काढा, फोटो साध्या आरसिंकने घ्या.

काटाघर_वणी

दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाचही काढले. एकेकाला सेकंदही लागला नाही. डीसिंक चाचणी आता 31 सेकंद, डब्ल्यू-अवेट 15 च्या आसपास, वाचणं शून्य. काटापट्टी लगेच सेव्ह होते. बॅकअप शेवटचा पाच दिवसांपूर्वीचाच निघाला. आताच डंप घेतला. मग एसएसडीचं काय सांगू मालकांना?

चंद्रपुरी_रॅक

घ्यायचीच तर वीज जाताना आतला डेटा सांभाळणारे कपॅसिटर असलेली घ्या, दोन घ्या आणि रेड 1 करा. डेस्कटॉपच्या स्वस्त एसएसडीत ते नसतात, त्यामुळे सिंकवाल्या छोट्या लिखाणांना त्या जाहिरातीतल्या आकड्यांच्या जवळपासही जात नाहीत. तोवर तेच पैसे यूपीएसच्या नव्या बॅटरीत घाला.