पुलवामावर प्रश्न विचारला की माणूस लगेच पाकिस्तानचा होतो का?

खानापूरकर

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल एक मेसेज आला. "पुलवामा आणि पहलगामवर शंका काढणारे सगळे पाकिस्तानचे हस्तक. आधी घरातल्यांना हुडका." खाली अंगठ्यांची रांग लागली. अंगठा देणाऱ्यांत ज्यांची पोरं आत्ता बेळगावच्या मराठा सेंटरला फौजेच्या ट्रेनिंगमध्ये आहेत असेही आहेत. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

14 फेब्रुवारी 2019. सीआरपीएफचा 78 गाड्यांचा ताफा, अडीच हजार माणसं, जम्मू-श्रीनगर हायवे. बर्फामुळे रस्ता काही दिवस बंद होता, त्यामुळे माणसं साठली आणि सगळी एकाच दिवशी निघाली. लेथपोऱ्याला स्फोटकांनी भरलेली गाडी बसला येऊन भिडली आणि 40 जवान गेले. जैशने जबाबदारी घेतली. एनआयएने ऑगस्ट 2020 मध्ये मसूद अझहरसह 19 जणांवर आरोपपत्र दाखल केलं. कुणी केलं याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही.

माझा प्रश्न दुसरा आहे. एवढा मोठा ताफा त्या दिवशी रस्त्याने न्यायचा निर्णय कुणाचा? तेव्हाचे जम्मू-काश्मीरचे राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी 2023 मध्ये सांगितलं की सीआरपीएफने विमानं मागितली होती आणि गृहमंत्रालयाने नाकारली. ते खोटं बोलले असतील तर तसं पुराव्यानिशी सांगा. पण हल्ल्यानंतर आठवड्यात, 21 फेब्रुवारीला, याच मंत्रालयाने जवानांना दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर विमानाने जायला परवानगी दिली. आठवड्यात जमलं ते आधी का जमलं नाही, एवढंच विचारलं तर मी हस्तक?

टिळकवाडीकर

खानापूरकर, "एवढंच विचारलं" म्हणता आणि मलिकांना साक्षीला आणता. ते राज्यपाल असताना चार वर्षं काय करत होते? खुर्ची गेल्यावर कंठ फुटला. अमित शहांनीही तेव्हा हेच विचारलं होतं.

तुमच्या "साध्या प्रश्नाचं" पुढे काय होतं ते बघा. इथे प्रश्न, तिथे "निवडणुकीसाठी घडवून आणलं", आणि दुसऱ्या दिवशी पाकिस्तानच्या चॅनेलवर तुमचंच वाक्य. पहलगामनंतर, एप्रिल 2025 मध्ये, आपले कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या "युद्ध नको" म्हणाले आणि तिकडच्या वाहिन्यांनी ते डोक्यावर घेतलं. म्हणूनच 28 तारखेला बेळगावात सीपीएड मैदानावरच्या सभेत त्यांना काळे झेंडे बघायला लागले.

40 जवानांच्या चितेची राख गरम असताना हिशेब मागणारे लोक मला आवडत नाहीत. कधीच आवडणार नाहीत.

खानापूरकर

राख गरम असताना मागू नये, आणि निवल्यावर मागितलं तर "आता कशाला उकरून काढता". मग मागायचं कधी, ते तरी सांगा.

आणि मतांचा विषय मी काढला नव्हता. तुम्ही काढलात म्हणून सांगतो. 9 एप्रिल 2019 ला लातूर जिल्ह्यात औशाच्या सभेत पंतप्रधानांनी पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरांना विचारलं होतं, तुमचं पहिलं मत पुलवामाच्या शहिदांना, बालाकोटच्या वीर जवानांना अर्पण होऊ शकतं का. मेलेल्यांच्या नावाने मत मागायला चालतं आणि उत्तर मागायला चालत नाही?

माजी सुभेदार, येळ्ळूर

दोघांनीही थोडं ऐकून घ्या. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतला. राष्ट्रीय रायफल्समध्ये असताना कुपवाड्याला रोड ओपनिंग केलंय. उजाडायच्या आधी निघायचं. कडेची प्रत्येक मोरी बॅटरी मारून बघायची, ताजी माती दिसली की थांबायचं, कुत्रं पुढे घालायचं. पुरून ठेवलेलं त्यात सापडतं. चालत्या रस्त्यात मागनं येऊन घुसणारी गाडी त्यात सापडत नाही. तिला एकच उपाय, ताफा जाईपर्यंत सिव्हिल गाड्या बंद.

पुलवामा झाल्यावर एप्रिलमध्ये बुधवारी आणि रविवारी हायवे सिव्हिलला बंद केला. किती बोंब झाली आठवतंय का? पेशंट अडकले, लग्नं अडकली. तेव्हा शिव्या घालणारेच आज विचारालेत, आधी का बंद केला नाही. खानापूरकर, तुम्ही त्यातले आहात असं म्हणत नाही मी. पण निर्णय घेणाऱ्यालाही दोन्हीकडनं कात्री असते एवढं ध्यानात घ्या.

आणि सीआरपीएफचं नाव काढलंत म्हणून बोलतो. 2004 नंतर भरती झालेल्या त्या पोरांना जुनी पेन्शन नाही, आम्हा फौजवाल्यांना आहे. एकाच रस्त्यावर एकाच गोळीला छाती देतात. ग्रुपवर अंगठे देणाऱ्यांपैकी कोण यावर बोलालंय का?

गोकाकची

संशयाबद्दल बोलताय तर माझ्या तालुक्यातलं सांगते. मे 2025, ऑपरेशन सिंदूर चालू होतं. कर्नल सोफिया कुरेशी रोज टीव्हीवर. त्यांचं सासर आमच्या गोकाक तालुक्यातलं कोन्नूर. एक्सवर कुणीतरी टाकलं की त्यांच्या सासरच्या घरावर हल्ला झाला, मोडतोड झाली. साफ खोटं. जिल्हा पोलिसप्रमुखांना जाहीर सांगावं लागलं की असं काही घडलेलंच नाही.

ती अफवा "प्रश्न विचारणाऱ्या" बाजूचीच होती, खानापूरकर दादा. माझ्या मावशीचा फोन बंद होईना, "तुमच्याकडे दंगल झाली काय?" म्हणून. बाजाराचा दिवस होता, भाजी घेऊन लोक घरी निघाले होते. कुणी भडकून निघालं असतं तर पहिली दुकानं आमच्याच बाजारातली फुटली असती. संशय फुकट मिळतो म्हणून कसाही वापरायचा नसतो.

टिळकवाडीकर

ताई, शंभर टक्के. हेच मी कधीचं सांगालोय.

गोकाकची

नाही, तुम्ही हे सांगत नव्हता. तुम्ही गप्प बसा म्हणत होता. मी म्हणते, बोला, पण आधी तपासा.

निपाणीकर

"हस्तक" हा शिक्का आपल्याला नवा आहे का? 1 नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापना दिनी, काळे कपडे घालून शांतपणे सायकल फेरी काढली की आपण नाडद्रोही, म्हणजे राज्याचे वैरी. हिंडलग्याच्या कन्नडसक्तीविरुद्धच्या हुतात्म्यांच्या स्मारकावर 1 जूनला फुलं वाहिली तरी वाकड्या नजरा. मराठी पाटी लावली की पोलीस दारात. ज्या लोकांनी 1956 पासून, बेळगाव तिकडे गेल्यापासून, हा शिक्का सोसला, त्यांनीच आपल्या गल्लीतल्या माणसावर तो मारावा? मला त्या मेसेजचा राग आला तो या कारणाने.

शहापूरचा

आला का सीमाप्रश्न. कशावरही बोला, तिसऱ्या उत्तराला सीमावादावरचा महाजन अहवाल.

फेब्रुवारी 2025 मध्ये बाळेकुंद्रीजवळ बस कंडक्टरला भाषेवरून मारलं, तेव्हा तुम्ही कुठे होता? दोन्ही राज्यांच्या बसेस बंद झाल्या. माझी आई दवाखान्याला कोल्हापूरला जायची होती, बॉर्डरवर उतरून रिक्षा, परत दुसरी बस. ज्याने मारलं तो मराठीचा वाघ आणि भोगलं आम्ही.

निपाणीकर

मारलं ते चुकीचंच, त्याचं समर्थन मी करत नाही. पण त्यानंतर महाराष्ट्राच्या ड्रायव्हरला चित्रदुर्गात काळं फासलं, ते तुमच्या तोंडून का येत नाही? दर वेळी आपल्याच माणसाला पिंजऱ्यात उभं करायचं. सुप्रीम कोर्टात 2004 पासून सीमेचा दावा पडून आहे. तोवर आम्ही मान खाली घालून राहायचं काय?

शहापूरचा

मान खाली घाला असं कोण म्हणालंय? माझी बायको कानडी, पोरं मराठी शाळेत. दोन्ही बाजूंचे शिक्के आमच्या दारात पडतात. तिच्या माहेरी मी एमईएसवाला, म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समितीचा, आमच्या गल्लीत ती "त्यांच्यातली". 1 नोव्हेंबरला आम्ही घराबाहेर पडत नाही. तुम्हाला लढ्याचा अभिमान आहे, असू दे. पण तुमचा शिक्का वाईट आणि तुम्ही मारलेला चांगला, असं होत नाही.

निपाणीकर

मी तुमच्या घरावर कधी शिक्का मारला नाही. पण मारणारे आहेत, एवढं मान्य.

माजी सुभेदार, येळ्ळूर

भांडून झालं असेल तर मूळ विषयावर या की. 24 डिसेंबर 2024 ला पुंछमध्ये 11 मराठाची गाडी दरीत गेली. पाच जण गेले, त्यातले एक सुभेदार आपल्या पंत बाळेकुंद्रीचे. संध्याकाळी बातमी आली आणि रात्रीपर्यंत "हल्लाच झाला, लपवालेत" असं सुरू झालं. फौजेने सांगितलं, अपघात, दुसरं काही नाही. लोक ऐकेनात. सांबऱ्याला विमानतळावर पार्थिव उतरलं तेव्हा मी सलामीला होतो. तिथंसुद्धा मागं उभा असलेला एकजण कुजबुजत होता, "खरं काय ते कळणार नाही." मागं वळून त्याला गप्प केलं. पुढं कुटुंब उभं होतं.

खानापूरकर

सुभेदारसाहेब, त्याला गप्प केलंत ते बरंच केलंत. पण ती कुजबूज कुठनं येते तेही बघा. कारगिलनंतर वाजपेयींच्या सरकारने, लढाई संपून तीनच दिवसांत, के. सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली. फेब्रुवारी 2000 मध्ये अहवाल संसदेत ठेवला, काही भाग वगळून, पण ठेवला. गुप्तचर यंत्रणा कुठे कमी पडली ते त्यात लिहिलंय. तेव्हा वाजपेयींना कुणी हस्तक म्हणालं नाही, आणि "कारगिल घडवून आणलं" म्हणणाऱ्यांचं दुकानही चाललं नाही. उलट 1962 च्या चीन युद्धातल्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही, त्यावर लोक अजून बोलतात. पुलवामाचं आरोपपत्र अतिरेक्यांवर आहे. ताफा कसा निघाला त्याचा जनतेपुढे ठेवलेला अहवाल कुठे आहे?

टिळकवाडीकर

वाजपेयींचं नाव काढलंत म्हणून नाही, पण कारगिलचा मुद्दा मला खोडता येत नाही. पहलगामनंतरही नायब राज्यपाल मनोज सिन्हांनी सुरक्षेतली चूक उघड मान्य केली, जबाबदारी घेतली. बैसरनला 26 माणसं गेली होती, मान्य करावीच लागली. त्याने देश बुडाला नाही, हेही खरं.

पण माझं एक ठाम आहे. चौकशीची मागणी लिहून काढा, खासदाराकडे न्या, मी सही करतो. "सरकारनेच मारले" असं एक अक्षर त्यात आलं तर मी त्या कागदाला हात लावणार नाही.

गोकाकची

आणि मेसेजचं काय? "घरातल्यांना हुडका" हे वाक्य अजून ग्रुपवर आहेच. त्यालाही तुमचा अंगठा आहे ना, टिळकवाडीकर?

टिळकवाडीकर

होता. काढलाय सकाळीच. त्यावर आता लंबा लेख नको.

खानापूरकर

"सरकारनेच मारले" असं मी कुठंही लिहिलेलं नाही, वर जाऊन बघा. मागणीचा कागद रविवारपर्यंत लिहितो. सुभेदारसाहेब, पेन्शनचा मुद्दा त्यात घालूया, तेवढा परिच्छेद तुम्ही लिहून द्या.

माजी सुभेदार, येळ्ळूर

देतो. पण फौजेचं नाही, सीआरपीएफचंच लिहीन.