डिझेल मुरलेली लाल माती जिवाणूंनी साफ होईल का?

कुळागर_फोंडा: जनरेटरच्या टाकीतून डिझेल झिरपून खालची माती भिजली आहे. वरची ६ घनमीटर माती खणून वेगळी ठेवली. प्रयोगशाळेच्या अहवालात तेलाचं प्रमाण किलोमागे १०,००० मिलिग्रॅम, पीएच (आम्लतेचं माप, ७ च्या खाली म्हणजे आम्ल) ५.२. बाजारात तेल खाणाऱ्या जिवाणूंची पावडर मिळते, ती घ्यावी का? मृगाच्या आत काम उरकायचं आहे.

मातीचा_माणूस: पावडर आधी नको. डिझेल पचवणारे स्यूडोमोनास, रोडोकोकस, अ‍ॅसिनेटोबॅक्टरसारखे जिवाणू मातीत असतातच. अडतं ते हवा, नत्र आणि आम्लतेपाशी.

हिशेब असा. ६ घनमीटर म्हणजे अंदाजे ९ टन माती, तिच्यात ९० किलो तेल, म्हणजे साधारण ७६ किलो कार्बन. कार्बन, नत्र, स्फुरद १००:१०:१ धरलं तर नत्र साडेसात किलो, म्हणजे युरिया १६ किलो. तो एकदम टाकू नका, अमोनिया होऊन जिवाणूच मरतात. दर तीन आठवड्यांनी ४ किलो, १०० लिटर पाण्यात विरघळवून झारीने द्या. सिंगल सुपर फॉस्फेट हिशेबाने ११ किलो बसतं, पण आपल्या मातीतलं लोह स्फुरद धरून ठेवतं. म्हणून १५ किलो घ्या आणि कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या.

त्याआधी शेतीचा चुना (दळलेली चुनखडी) १० ते १५ किलो मिसळा आणि दोन आठवड्यांनी पीएच पुन्हा मोजा, ६.५ ते ७.५ हवा. कळीचा चुना नको, पीएच एकदम वर जातो. चुना आणि युरिया एकाच दिवशी घातले तर नत्र हवेत उडून जातं.

सोडण: हवेबद्दल थोडं. एक लिटर डिझेल पुरतं पचायला सुमारे ३ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे दहा घनमीटरहून जास्त हवेतला सगळा. ढीग उंच रचला की आतला भाग गुदमरतो, कुजका वास येतो आणि काम थांबतं. जाड प्लास्टिकवर ३० सेंटिमीटरचा थर पसरा (२० चौरस मीटर जागा लागेल), दर आठवड्याला फावड्याने तळापासून उलथा. माती चिकट असेल तर भाताचं तूस मिसळा, पण दहा टक्क्यांच्या आतच. मूठ आवळल्यावर गोळा व्हावा, पाणी ठिबकू नये, इतकीच ओल ठेवा.

गुळाचं पाणी अजिबात नको, जिवाणू आधी साखर संपवतात. साबणाने धुऊ नका, डिझेल आणखी खाली उतरतं.

कुळागर_फोंडा: वास गेला की झालं समजायचं का?

मातीचा_माणूस: नाही. हलके घटक नुसते उडून जातात, तरी वास जातो. पाच ठिकाणची माती एकत्र करून दर महिन्याला तपासा. थोडी माती खत न घालता वेगळी ठेवा, म्हणजे किती आपसूक उडालं ते कळेल. साधारण तीन-चार महिने धरा. दोन महिन्यांत आकडा हललाच नाही, तर मग पावडरीचा विचार. जळकं इंजिन ऑइल यात मिसळू देऊ नका, त्यातले धातू जिवाणूंना पचत नाहीत.

पावसाआधी वर पत्रे आणि चहूबाजूंनी बांध हवाच. खाली साचलेलं पाणी पुन्हा मातीवरच शिंपडा, गटारात नको.

सोडण: आणि उताराला विहीर असेल तर तिचं पाणी आजच तपासायला द्या, तोवर ते पिऊ नका. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भेगांतून डिझेल लांबवर जातं. प्रदूषण नियंत्रण मंडळालाही लेखी कळवा.