सहा अ‍ॅनालिस्ट, तीन पाळ्या: चॅट आणि शीटऐवजी काय वापरावं?

तिसरी_पाळी:
आमच्या सॉकमध्ये (सायबर सुरक्षेवर नजर ठेवणारा विभाग) अलर्ट सीमवर (सगळीकडचे लॉग एकत्र तपासणारी यंत्रणा) येतात, चर्चा चॅटवर होते आणि संशयित आयपी, हॅश (फाइलचे डिजिटल ठसे) शेअर्ड शीटमध्ये जातात. मोठी घटना आली की दोघं एकाच मशीनमागे लागतात. पाळी बदलताना काय तपासून झालंय तेच कळत नाही. मिस्प, द हाइव्ह, आयरिस ही टूल्सची नावं वाचली. लायसन्सला बजेट नाही, एक लिनक्स सर्व्हर मिळेल. सुरुवात कशाने करू?

केसफाइल:
मिस्प आत्ता बाजूला ठेवा. ते इंडिकेटर (हल्ल्याच्या खुणा: आयपी, हॅश, डोमेन) साठवून इतर संस्थांना द्यायला आहे, काम वाटून घ्यायला नाही. द हाइव्ह ५ ओपन सोर्स नाही, ४ चा सपोर्ट संपलाय. राहतं डीएफआयआर-आयरिस, म्हणजे घटनेचा तपास सगळ्यांनी एकाच केसमध्ये नोंदवायचं टूल. ते डॉकर कम्पोजवर (अनेक कंटेनर, म्हणजे सुटे बांधलेले प्रोग्राम, एकत्र चालवायचं साधन) उभं राहतं. एन्व्ह (सेटिंगच्या) फाइलमधले सगळे डीफॉल्ट पासवर्ड आणि सीक्रेट आधी बदला, मग कंटेनर चालू करा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड पहिल्या वेळी अ‍ॅप कंटेनरच्या लॉगमध्ये येतो, तो तेव्हाच टिपून ठेवा.

तुमचं दुखणं आयरिसच्या अ‍ॅसेट (मशीनच्या) टॅबमध्ये सुटतं. प्रत्येक मशीनची वेगळी नोंद करायची, त्यावर तपासाची स्थिती असते: बाकी, सुरू, झालं. मशीनला हात लावण्याआधी स्थिती ‘सुरू’ करायची आणि टास्क स्वतःच्या नावावर घ्यायचा. पाळी बदलताना नोट लिहायची ती तीन ओळींची: काय सिद्ध झालं, कशाचा फक्त संशय आहे, पुढची पायरी कुणाकडे. सिद्ध आणि संशय एकाच वाक्यात आले की पुढची पाळी संशयालाच पुरावा धरून चालते.

टाइमलाइनमधल्या सगळ्या वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत). एकाने फायरवॉलची स्थानिक वेळ टाकली तरी घटनांचा क्रम उलटतो.

तिसरी_पाळी:
म्हणजे चॅट बंदच करायचं?

पॅकेटवाला:
चॅट राहू दे, पण ठरलेली गोष्ट आयरिसमधल्या केसमध्ये गेली नाही तर ती ठरलीच नाही असं धरा. चॅटमधला लिंक प्रीव्ह्यू मात्र आजच बंद करा. संशयित लिंक पेस्ट केली की चॅटचा सर्व्हर स्वतः ते पान उघडतो आणि हल्लेखोराच्या लॉगमध्ये ती भेट दिसते. लिंक कायम निकामी करून लिहा, डोमेनमधल्या टिंबाला चौकोनी कंस घालून.

आणखी एक, याकडे फार दुर्लक्ष होतं. आयरिस आणि घटनेच्या वेळचं चॅट कंपनीच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला (सगळ्यांची लॉगिन सांभाळणारी यंत्रणा) जोडू नका. डोमेन अ‍ॅडमिनचं (तिथले सगळे अधिकार असलेलं) खातंच हल्लेखोराच्या हाती गेलं तर तुमचा सगळा तपास तो बसून वाचेल. लोकल खाती आणि एमएफए (पासवर्डसोबत ओळखीचा दुसरा पुरावा) ठेवा.

आयओसी_कारकून:
पुढे मिस्पकडे वळलात तर दोन गोष्टी. टीएलपीचा (माहिती कुणापर्यंत जाऊ द्यायची हे सांगणाऱ्या खुणांची पद्धत) टॅग ही फक्त सूचना आहे. डेटा कुठवर जाईल हे मिस्पमधलं डिस्ट्रिब्यूशनचं सेटिंग ठरवतं, म्हणून नवा इव्हेंट (घटनेची नोंद) ‘फक्त आपली संस्था’ वर ठेवून सुरुवात करा. टॅग २०२२ च्या टीएलपी २.० प्रमाणे लावा, त्यात व्हाइटच्या जागी क्लिअर आलंय.

दुसरं, वॉर्निंगलिस्ट (नेहमीच्या निरुपद्रवी पत्त्यांच्या याद्या) चालू करा आणि आयडीएसची (हे आपोआप शोधा-अडवा सांगणारी) खूण फक्त ब्लॉक करण्याजोग्या इंडिकेटरवर ठेवा. मालवेअर नेट चालू आहे का पाहायला ८.८.८.८ ला (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) विचारतं, सँडबॉक्सच्या (मालवेअर बंदिस्त जागी चालवून पाहायची सोय) अहवालातून तो आयपी तसाच उचलला जातो, आणि मिस्पमधून ब्लॉकलिस्ट आपोआप जात असेल तर तो वापरणाऱ्या सगळ्या मशीनचं डीएनएस बंद पडतं.